अनामत

निकाल लागला त्या मंगळवारी
मी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची वजनं लिहीत होते.
मोबाईल बघितला, सहज बघितल्यासारखा.
हमाल म्हणाला, ताई, मॅच का?
म्हटलं, हो. हरलो.
तो म्हणाला, आज इंडियाची मॅच कुठाय?

पाच न्यायमूर्ती, चार निकालपत्रं,
आणि मधे कुठंतरी, की हे संसदेनं बघावं.
आमच्याकडं नवीन नाही.
तलाठी म्हणतो सर्कलला विचारा,
सर्कल म्हणतो साहेब रजेवर आहेत.

संध्याकाळी मृणाल मिरजेहून आली, वडापनं, ड्यूटी संपवून.
पायरीवरच म्हणाली, कळलं?
म्हटलं, कळलं.
मग नळाला पाणी होतं तोवर
आम्ही बादल्या भरून घेतल्या.

घर तसंही सोडायचंच होतं.
मगदूम काकांच्या मुलाचं लग्न ठरलेलं, खोल्या लागणार.
अनामत चाळीस हजार, अर्धी तिची, अर्धी माझी.
लग्नपत्रिकेच्या नमुन्यामागं काकांनी हिशेब मांडला:
खिळे अकरा.
गीझरची कॉइल.
ओट्यावर हळदीचा डाग
(तो माझा, मान्य. माझ्या नखांतनंसुद्धा तो जात नाही).
आणि हॉलच्या भिंतीची ओल,
रंगासकट चौदा हजार.

मी म्हटलं, काका, ही रेघ आमच्या आधीची.
घर दाखवताना तुम्हीच छातीशी आडवा हात धरून
म्हणाला होता, पुरात हितवर पाणी हुतं.
काका जरा गप्प बसले.
मग म्हणाले, हात काय पुरावा असतोय व्हय?

करारपत्र काढलं.
भाडेकरू क्रमांक एक. भाडेकरू क्रमांक दोन.
परस्परांशी नातं, या रकान्यात
स्टँपवेंडरनं न विचारताच आडवी रेघ ओढलेली.
तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं लिहावं लागलं नाही.
आज बघितली तर तीही
भिंतीवरच्या रेघेसारखीच,
इथवर आलं होतं, एवढंच सांगणारी.

निकालावर मृणाल चार दिवसांत एक शब्द बोलली नव्हती.
खिळ्यांवर बोलली.
अकरातले सात आधीचे आहेत, म्हणाली,
आणि टॉर्च लावून भिंतीवर बोट फिरवत
एकेक दाखवला, शीर शोधावी तसा.
आवाज चढला तिचा. चार खिळ्यांसाठी एवढा
मी कधी ऐकला नव्हता.

आतून काकू म्हणाल्या,
द्या की ओ पोरींचं पैसं.
लग्नघरात कुणाचं ठिवू नये.

काकांनी चेकबुक आणलं. अठ्ठावीस हजार.
डाग आणि कॉइल धरून, भिंत निम्मी सोडून.
भिंत निम्मी कशी सोडतात, मी विचारलं नाही.
नाव कुणाचं घालू?
आम्ही दोघी एकदमच म्हणालो, हिचं.
काकांनी चष्म्यावरून बघितलं
आणि सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं:
मृणाल सदामते आणि वैजयंता लाड.

असा चेक वटत नाही.
बँकेतला क्लार्क म्हणाला, दोघींचं मिळून खातं लागतंय.
फॉर्म दिला. नात्याचा रकाना होताच.
ते ऐच्छिक हाय, म्हणाला, सोडा मोकळं.
पुढं खालमानेनंच वाचून दाखवलं,
दिवसाला पन्नासदा म्हणत असणार तो:
व्यवहार कोण करणार?
दोघींपैकी कुणीही एक,
किंवा मागं राहील ती.
चालंल?

मृणालचा हात थांबला.
मागं रांग होती, पेन्शनवाली, खोकणारी.
चालेल, मी म्हटलं.
ती काही म्हणाली नाही, चौकटीत खूण केली.

पेन काउंटरला दोरीनं बांधलेलं, दोरी आखूड.
तिची सही होईस्तोवर
मी ती सैल धरून उभी राहिले.